मुलीला गावातल्या झेडपीत घालू की बसने इंग्लिश मीडियमला?

ताई, मी सहसा असल्या प्रश्नांच्या नादाला लागत नाही, खाली भांडणं होतात. पण तुम्ही लिहिलंय की पोरगी जूनमध्ये पहिलीला जाणार, गावातली झेडपी चौथीपर्यंत आहे, बाई चांगल्या आहेत, तरी निम्मं गाव बसने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातं, मिस्टरांचा पण तिकडंच ओढा आहे, आणि तुम्हाला भीती की इथं ठेवली तर पुढं मागं पडेल. यातलं एकूण एक वाक्य आमच्या घरात बोलून झालंय, ते पण जेवणाच्या ताटावर, म्हणून लिहिते.

माझं मत आधीच सांगते. बाई खरंच चांगल्या असतील तर चौथीपर्यंत गावातच ठेवा. झालं उत्तर. पुढचं वाचायचं नसेल तर नका वाचू.

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दाखले, पीकविमा, स्कॉलरशिप, अकरावीचे फॉर्म आणि दरवर्षी आरटीईच्या २५ टक्क्यांचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत राखीव असलेल्या मोफत जागांचे फॉर्म. त्यामुळं लोक शाळा कशी निवडतात हे मला काउंटरवर बसल्या बसल्या दिसतं. ट्रॅक्टर घ्यायचा असला की माणूस चार शोरूम फिरतो, ज्याच्याकडं आहे त्याला जाऊन डिझेल किती खातो विचारतो, आणि पोरगी कुठं घालायची हे बस दारात येते का यावर ठरवतो. "कुठली शाळा टाकू फॉर्ममध्ये?" म्हणलं की "शेजारच्यांनी टाकली तीच टाका." वर्गात जाऊन बघितलंय का विचारलं की हसतात. बघितलेलं असतं ते ऑफिस. ऑफिसात सोफा असतो, मॅडम गोड बोलतात, पोराला "व्हॉट इज युवर नेम" विचारतात आणि आईबापाचं शिक्षण विचारतात. ही मुलाखत आरटीई कायद्याने बंद आहे हे कोणाला सांगायला गेलं तर मलाच वेड्यात काढतात, उलट मुलाखत घेतली म्हणजे शाळा भारी.

आणि त्या शाळांमधल्या नव्या मिस नोकरीचा बायोडेटा टाईप करायला माझ्याकडंच येतात हो. काही हुशार असतात, नाही असं नाही. पण बऱ्याच जणी बारावी झालेल्या किंवा एफवायला बाहेरून बसलेल्या, पगार विचारू नका, लग्न ठरलं की सोडून जातात आणि वर्षाच्या मध्ये दुसरी येते. झेडपीच्या बाई डीएड करून, नव्या असतील तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पण पास होऊन आलेल्या असतात. त्या शिकवतात का हा वेगळा प्रश्न, पण निदान शिकवायला शिकलेल्या असतात.

आता आमची गोष्ट. २०१९ला माझी मुलगी दुसरीत होती. आमची झेडपी सातवीपर्यंत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. कायद्याने कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, म्हणून बायकांना घेतात, सह्यांपुरतं. मी सह्यांपुरती राहिले नाही, तिथूनच सगळं सुरू झालं. माझे धाकटे दीर ग्रामपंचायत सदस्य, त्यामुळं ते पण कमिटीवर. त्यांची स्वतःची दोन्ही पोरं पिवळ्या बसने इंग्लिश मीडियमला. हे लक्षात ठेवा.

शाळा सुरू झाल्या झाल्या मुख्याध्यापक सरांनी मीटिंग लावली, विषय एकच, पहिलीपासून सेमी. म्हणजे पहिलीच्या पोरांना गणित इंग्रजीतून. सरांनी कारण लपवलं नाही. पट घसरत होता, ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, अजून थोडी पोरं गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, मग दोन वर्ग एका बाईंकडं, मग ते बघून अजून पोरं जाणार. भिंतीवर सेमी इंग्लिश लिहिलं की बस थांबेल असं सरांचं गणित. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या जागी कोणीही घाबरलं असतं. पण पोरांना समजेल का हा मुद्दा विषयपत्रिकेवर कुठंच नव्हता, होता तो फक्त पट.

भाऊजी उठले. त्याच महिन्यात ते दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातलं 'वीस एक, वीस दोन' गाजत होतं, टीव्हीवर, विधानसभेत, व्हॉट्सॲपवर. त्यांना आयतंच मिळालं. "मराठीत आता एकवीस म्हणायची पण सोय राहिली नाही, आपल्या पोरांना गावठीच ठेवायचंय का?" टाळ्या पडल्या. पुस्तकात एकवीस पण होतंच, दोन्ही दिलेलं होतं, पण पुस्तक उघडून बघितलं होतं कोणी.

मी एवढंच विचारलं की शिकवणार कोण. सगळे बाईंकडं बघायला लागले. बाई म्हणल्या, "मी शिकवीन हो, टू प्लस थ्रीला काय लागतं. पण शाब्दिक उदाहरण आलं की पोरं माझ्या तोंडाकडं बघणार, मी शेवटी मराठीतच सांगणार, आणि पेपरात ती पाठ केलेलं लिहिणार." इतकं सरळ बोलणारी बाई मी सरकारी नोकरीत दुसरी बघितली नाही. त्यावर भाऊजी काय म्हणले असतील? बाईंना कामाचा कंटाळा आहे.

मग मात्र माझं डोकं फिरलं. कारण त्याच्या आधी काही दिवस त्यांचाच धाकटा माझ्या केंद्रात बसून होमवर्क करत होता, तो पण दुसरीत. वही बघितली तर अक्षर मोत्यासारखं, सगळं लाल टिकमार्क. एक गणित होतं, सीता हॅज ५२ मँगोज, राम हॅज ३५ मँगोज, हाऊ मेनी मोअर मँगोज डज सीता हॅव. पोरानं घडाघडा वाचलं, एक उच्चार चुकला नाही, आणि खाली उभी मांडणी करून ८७ लिहिलं. म्हणलं बेरीज का केलीस रे? तर म्हणतो, "काकू, मोअर आलं की प्लस आणि लेफ्ट आलं की मायनस, मिसनी सांगितलंय." म्हणलं बरं, वही मिट, तुझ्याकडं ५२ गोट्या, दादाकडं ३५, तुझ्याकडं किती जास्त? बोटं मोडली, छताकडं बघितलं आणि सांगितलं, १७. पोरगं हुशारच आहे, पहिल्यापासून. त्याला वजाबाकी येत होती, त्याला ती विचारलेलीच कळत नव्हती.

हे मी भर मीटिंगमध्ये सांगितलं. नाव घेतलं नाही, पण गावात कळायचं ते कळलं. घरातलं बाहेर काढलं म्हणून आत्याबाई अजून ऐकवतात, जाऊबाई सहा महिने बोलत नव्हत्या. मला विचाराल तर परत सांगेन. जो माणूस लोकांच्या पोरांचं ठरवायला उभा राहतो त्यानं आधी आपल्या पोराची वही बघावी.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. पहिली ते चौथी गणित मराठीतच, पण इंग्रजीचा तास खरंच घ्यायचा. तसं इंग्रजी पहिलीपासून आहेच, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हापासून, २००० साली आलं ते, पण पोएम म्हणून घेतल्या की संपला तास असं चालतं ना बऱ्याच ठिकाणी, तसं नाही. रोज अर्धा तास फक्त बोलायचं, चुकलं तरी बोलायचं. चौथीच्या शेवटी शेवटी गणिताचे इंग्रजी शब्द ओळखीचे करायचे आणि पाचवीपासून सेमी. ठराव झाला. त्या वर्षी बस थांबली का? नाही. दोन घरं गेलीच. मग करोना आला, इंग्लिश शाळेची फी भरायची पंचाईत झाली आणि काही पोरं आपणहून परत आली. हे आमच्याच गावात नाही झालं, असरच्या सर्व्हेत देशभर गावाकडची सरकारी शाळेत जाणारी ६ ते १४ वयाची मुलं २०१८ला ६५.६ टक्के होती ती २०२२ला ७२.९ झाली, आणि २०२४ला परत ६६.८. म्हणजे खिसा रिकामा झाला की सरकारी शाळा चालते आणि भरला की गावठी होते, बाकी वर्गात काय चाललंय याच्याशी काही घेणं नाही.

आता ताई तुमच्यासाठी. कोणीतरी तुम्हाला वाबळेवाडीच्या गाजलेल्या झेडपी शाळेचं उदाहरण देईल, डिसले गुरुजींना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला ते सांगेल. खरंय सगळं, अभिमान आहे. पण तुमच्या शाळेत डिसले गुरुजी नाहीत, तुमच्या बाई आहेत, त्यांचंच बघा. पहिलं म्हणजे बाईंची बदली कधी ड्यू आहे ते विचारा, न लाजता विचारा. पुढच्याच वर्षी जाणार असतील तर 'बाई चांगल्या आहेत' या तुमच्या मुद्द्यात दम राहिला नाही. पट विचारा. २०२३ला समूह शाळांचं, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं निघालं तेव्हा राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा चौदा हजारांच्या वर होत्या, तुमची त्यात बसते का ते माहीत असू द्या. मग तिसरीच्या एखाद्या पोराला दुसरीच्या मराठी पुस्तकातला धडा वाचायला लावा आणि गोष्टीत काय झालं ते विचारा. हेच इंग्लिश शाळेतल्या तिसरीच्या पोराला त्याच्या पुस्तकावर करा, शेजारीपाजारी मिळेलच एखादं. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बाकी सगळ्या चर्चेपेक्षा जास्त कळतं. मिस्टरांना सोबत न्या, तुम्ही येऊन सांगितलेलं त्यांना पटणार नाही, पुरुषांना डोळ्यांनी बघावं लागतं.

पुढं मागं पडेल का म्हणता, तर खरी अडचण अकरावी सायन्सला येते, तिथं सगळं इंग्रजीतून असतं. त्यासाठी पाचवीपासून किंवा आठवीपासून सेमी पुरतं. नीट आणि जेईई मेन मराठीतून पण देता येते, पण पुस्तकं आणि क्लास इंग्रजीतच आहेत त्यामुळं त्याच्यावर विसंबू नका. तुमची शाळा चौथीला संपते, तेव्हा पाचवीला कुठं जाणार आणि तिथं सेमीला गणिताचे शिक्षक कोण आहेत हे आत्ताच बघून ठेवा, चौथीच्या मे महिन्यात पळापळ नको.

माझ्या पोरीचं विचाराल तर आता आठवीत आहे, हायस्कूलला, सेमी. पाचवीची पहिली सहामाही रडारडीतच गेली, न्यूमरेटर डिनॉमिनेटर करत रात्री बसायचो दोघी, ते मी लपवत नाही. आता गणित स्वतःचं स्वतः करते. वर्गात पहिली वगैरे नाही. आणि भाऊजींचा धाकटा पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतो तसं तिला आजही जमत नाही, ती अडखळते. तुमच्या मिस्टरांना तेच हवं असेल तर त्यांचं पण अगदीच चूक नाही, इंटरव्ह्यूला बोलणं लागतंच. आणि झेडपीच्या बाई मोबाईलमध्येच असतील तर माझं वरचं सगळं रद्द समजा, सरळ बसमध्ये बसवा. मी मराठी शाळेची भक्त नाही, मी चांगल्या बाईंची भक्त आहे.

इंग्लिशचं ठरलंच तर निदान आरटीईचा फॉर्म भरा. जातीच्या दाखल्यावर भरत असाल तर उत्पन्नाची अट नाही, आर्थिक दुर्बल गटातून असेल तर वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. २०२४ला सरकारनं १ किलोमीटरमध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगीला या जागा देण्यातून सूट दिली होती, ते हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केलं, त्यामुळं 'आता मिळत नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फॉर्ममध्ये नकाशावरचा तो लाल बलून स्वतःच्याच घरावर टाका, शाळेजवळ सरकवू नका, पडताळणीत पकडलं की लागलेला नंबर जातो, दरवर्षी एकदोघांचा जातोच.

आणि भाऊजी, हे तुम्ही वाचणार मला माहितीये. हिच्यामुळं गावची शाळा मागं राहिली असं पारावर सांगताय म्हणे. त्या मीटिंगचं प्रोसिडिंग शाळेच्या कपाटात आहे, ठरावाखाली अनुमोदक म्हणून सही कोणाची आहे ते जाऊन बघून या.