वाचनाची नोंद मार्चमध्ये बंद पडते त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की सलग तीन वर्षं जानेवारीत वाचलेल्या पुस्तकांची यादी सुरू केलीत आणि मार्च येईपर्यंत ती बंद पडली, तर आता वही घेऊ, एक्सेल करू की सरळ अ‍ॅप टाकू. माझं नोंदींचं हे अकरावं वर्ष, पण त्याआधीचे दोन प्रयत्न तुमच्यासारखेच मार्चात गचकले होते, त्यामुळे सांगते, वही की अ‍ॅप हे नंतर बघू. आधी हे सांगा की एका पुस्तकामागे तुम्ही किती रकाने भरताय?

माझ्या पहिल्या एक्सेलमध्ये १४ कॉलम होते. नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, पानं, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख नंबर), प्रकार, सुरू, संपलं, स्टार, आवडलेलं वाक्य, कोणी सुचवलं, परत वाचणार का. करताना काय भारी वाटलं होतं! पण पुस्तक संपतं रात्री साडेबाराला, तेव्हा कोण लॅपटॉप उघडतंय, उद्या भरू म्हणायचं, उद्या दुसरं पुस्तक हातात असतं, अशी चार-पाच साठली की गृहपाठ राहिल्यासारखं वाटायला लागतं आणि मग आपण त्या फाइलकडे बघायचंच टाळतो. (आयएसबीएन तर पहिला उडवा. १३ आकडी नंबर एक्सेल स्वतःच्या मनाने दशांश चिन्ह टाकून आखडून दाखवतं, आणि जुना १० आकडी नंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्यच गिळून टाकतं. ठेवायचाच असेल तर तो कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या.)

माझी गाडी रुळावर आली ती एकाच बदलाने. नोंद पुस्तक सुरू करताना करायला लागले. पहिलं पान उलटायच्या आधी तारीख आणि नाव लिहून टाकायचं, दहा सेकंदांचं काम, आणि पुढे दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. ती मोकळी जागा डोळ्याला खुपत राहते, त्यामुळे पुस्तक संपलं की हात आपोआप वहीकडे जातो. दुसरा फायदा मला नंतर कळला, तो म्हणजे अर्धवट सोडलेली पुस्तकंही नोंदीत येतात. नाहीतर यादीत फक्त पूर्ण केलेलीच दिसतात आणि डिसेंबरात आपण आहोत त्यापेक्षा बरेच शहाणे वाटतो.

सोडलेल्या पुस्तकापुढे मी पान नंबर लिहिते. चारेक वर्षांनी एकदा निवांत बसून ते आकडे बघितले तर बहुतेक पुस्तकं ७० ते ९० पानांच्या दरम्यान सुटलेली, आणि सगळी ऑफिसातल्या सगळ्यात वाईट महिन्यांमध्ये सुरू केलेली. इतके दिवस मी त्या लेखकांना बोल लावत होते! त्यातली तीन नंतर परत काढली, दोन फार आवडली, तिसरं मात्र खरंच रटाळ होतं.

आता लिहायचं काय. गोष्टीचा सारांश लिहू नका, तो मलपृष्ठावर छापलेला असतो. तुम्ही सोडून दुसऱ्या कोणाला माहीत नसलेलं लिहा. माझ्याच वहीतल्या एकाच वर्षातल्या दोन नोंदी देते. पहिली: '१२ जून ते ३० जून. आजोबा जमलेत, शेवट घाईत गुंडाळलाय. पान १४० दाताच्या दवाखान्यात वाचलं, हसू आवरेना, समोरच्या बाई बघत होत्या.' दुसरी: 'छान. ४ स्टार.' पहिली वाचली की अख्खं पुस्तक दवाखान्याच्या वासासकट परत येतं. दुसऱ्यातलं आज एक पात्र आठवत नाही, आणि चारच स्टार का, पाचवा कशासाठी कापला तेही नाही. स्टार द्यायचेच असतील तर महिन्याभराने द्या, शेवटचं पान मिटल्या मिटल्या दिलेले स्टार बहुतेक वेळा शेवटच्या प्रकरणाचे असतात.

आणि 'वर्षाला ५२' वगैरे आकडा ठरवू नका असं मी म्हणेन. मी दोन वर्षं ठरवला होता. ऑक्टोबर उजाडला की हात आपोआप पातळ पुस्तकांकडे वळतो, ६०० पानांची कादंबरी 'पुढच्या वर्षी' म्हणून मागे पडते. ज्यांना आकड्याने हुरूप येतो त्यांनी खुशाल ठरवावा, मला तो वाचनापेक्षा मोजणीचाच हुरूप होता. ऑडिओबुक धरायचं का, परत वाचलेलं धरायचं का, हे वाद आकडा ठेवला की मगच सुरू होतात. मी सगळंच धरते, पुढे 'ऐकलं' किंवा 'दुसऱ्यांदा' लिहिते, विषय संपला.

हा नाद काही आजचा नाही हो. डार्विन १८३८ पासून १८६० पर्यंत वाचायच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या वह्यांमध्ये ठेवत होता, शिवाय स्वतःच्या पुस्तकांच्या शेवटी कामाच्या गोष्टींची छोटी सूची करायचा. ही सूचीची युक्ती मी उचललीये. पेन्सिलीने मागच्या कोऱ्या पानावर नुसता पान नंबर आणि दोन शब्द, म्हणजे आवडलेलं वाक्य उतरवून काढायचा कॉलम आपोआप बाद. लायब्ररीचं पुस्तक असेल तर तीच यादी चिठ्ठीवर करून वहीत चिकटवते. गायक आर्ट गारफंकल तर १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवत आलाय.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी वहीवाली आहे, पण वहीत शोधता येत नाही हे खरंय, म्हणून वर्षातून दोनदा नाव, लेखक आणि तारखा तेवढ्या शीटमध्ये उतरवते. लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा बरं का, आद्याक्षरांमध्ये कधी टिंब कधी स्पेस, कधी आडनाव आधी असं केलंत तर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. गुडरीड्स हे वाचनाच्या नोंदींचं अ‍ॅप वापरायला सोपं आहे, पण मराठी पुस्तक शोधताना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये असं दोन्हीकडे शोधून बघा. अ‍ॅप कुठलंही घ्या, नोंदी बाहेर काढता येतात का ते पहिल्याच दिवशी तपासा. माझ्या अडीच वर्षांच्या नोंदी एका छोट्या अ‍ॅपबरोबर गेल्या, ते बंद झालं तेव्हा मी त्यांचा ईमेलच उघडला नव्हता. आणि अ‍ॅपमधून बाहेर काढलेली नोंदींची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि यूटीएफ-८ (देवनागरीही नीट वाचणारी अक्षरांची पद्धत) निवडा, सगळं नीट दिसतं.

जानेवारीची वाट बघू नका. आत्ता जे अर्धं वाचून पडलंय त्याचं नाव, आजची तारीख आणि पान नंबर लिहा, तीच पहिली नोंद. आणि एक रकाना मात्र माझ्या आग्रहाखातर ठेवा, 'कोणाला दिलं'. माझी चार पुस्तकं गेली सहा वर्षं एकाच मैत्रिणीकडे आहेत आणि ती अजून म्हणते की तीनच आहेत.