धर्माची टीका झाली की मुस्लिमच हिंसक होतात, ख्रिश्चन फक्त निषेध करतात, हे खरं आहे का?

एवढं सरळ नाहीये ते. १९८८ ला येशूवरच्या एका सिनेमामुळे पॅरिसमध्ये कॅथलिक कट्टरपंथीयांनी थिएटरच पेटवलं होतं, माणसं जखमी झाली, हे लोक सोयीस्कर विसरतात. इंग्लंडमध्ये तर ईशनिंदेचा कायदा २००८ पर्यंत होता आणि तोही फक्त ख्रिश्चन धर्मासाठी, म्हणजे सलमान रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस' कादंबरीवरून तिथले मुस्लिम कोर्टात गेले तर त्यांना सांगितलं की हा कायदा तुमच्यासाठी नाहीच (राग येणारच ना). पण २०१५ ला शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंग्य साप्ताहिकावरच्या हल्ल्यात इस्लामी दहशतवाद्यांनी १२ जणांना मारलं त्याला कुठलीच सबब चालत नाही. मोर्चा काढा, बहिष्कार टाका, तेही फ्री स्पीचच आहे, धमकी देणं मात्र नाही. डेन्मार्कने २०१७ ला ईशनिंदेचा कायदा काढला आणि २०२३ ला धर्मग्रंथ जाहीरपणे जाळण्यावर बंदी आणली, मला तरी ते पटलं नाही, जाळणारा कितीही मूर्ख असला तरी.