बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नजरेने मोजला तर चालतो का?

नाही, अंदाज बऱ्याचदा कमी निघतो. पाटणच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथून रक्तस्राव वाढला की बाळंतिणीला कराडला पाठवायची वेळ येते, तिथे तर ही चूक महागात पडेल. बाळ बाहेर आल्यावर (आधी नको, गर्भजल मिसळतं) कमरेखाली खुणांची प्लास्टिकची मोजपिशवी सरकवा आणि पहिला तास दर 15 मिनिटांनी खूण, नाडी, बीपी बघा. 500 मिली झालं की वाट बघायची नाही, लगेच उपचार. 300 मिली आणि सोबत नाडी 100 च्या वर किंवा वरचं बीपी 100 च्या खाली असेल, तरीही तसंच. मग सगळं एकदमच: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत (बाळंतपणापासून 3 तासांच्या आत), सलाईन, आणि जखम वा अडकलेली वार आहे का ते तपासणं. एकेक करून वाट बघण्यातच वेळ जातो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत याच पद्धतीने तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं आणि त्याने होणारे मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी घटले. मात्र हा निष्कर्ष नॉर्मल डिलिव्हरीचा आहे, सिझेरियनला तसाच लावू नका. मोजपिशवी नसेल तर पॅड तोला: कोरं वजन वजा करून 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. आणि ऑक्सिटोसिन फ्रीजमध्येच, 2 ते 8 अंशांवर. ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या ॲम्प्यूलचा (औषधाच्या काचेच्या कुपीचा) भरवसा नाही.