पेट्रोलच्या डेपोत नवीन रुजू झालेल्या सहकाऱ्यासाठी

आधी टाकी ओसंडणार नाही ना, ते बघ. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेल डेपोत 11 डिसेंबर 2005 रोजी टाकीतली पातळी दाखवणारा गेज अडकला, टाकी भरत आली की भरणं थांबवणारा वरचा स्विचही चालला नाही. पेट्रोल वाहत राहिलं आणि पहाटे स्फोट झाला. तो स्विच गेजपासून स्वतंत्र हवा आणि तुझ्यासमोर चालवून तपासलेला हवा, नुसत्या सहीवर जाऊ नकोस. जयपूरच्या तेल डेपोत 2009 मध्ये गळती झाली, तेव्हा पेट्रोलच्या वाफेमुळे व्हॉल्व्हपाशी पोहोचताच आलं नाही. दुरून बंद होणारा व्हॉल्व्ह मागताना खर्चाची भीड धरू नकोस. जमिनीखालच्या पाइपचं कॅथोडिक संरक्षण (गंज रोखायला पाइपला करंट देणं) मोजताना तो करंट क्षणभर तोडून वाचन घे, मातीत टेकवलेल्या कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत निदान उणे 850 मिलिव्होल्ट हवं. करंट चालू असतानाचा आकडा फसवा असतो. आणि लाइन वॉकरशी, म्हणजे पाइपलाइनवर पायी गस्त घालणाऱ्याशी, रोज बोल. पाइपमधून तेल चोरायला चोरट्यांनी उकरलेली माती त्यालाच आधी दिसते.