सड्यावर मोजायला जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जाऊन, माणूस किती जवळ आला की सरडे पळतात ते मोजायचा तुझा बेत आवडला. तिथला पंखावाला सरडा म्हणजे शास्त्रीय नावाने ‘सरडा सुपर्बा’, 2016 साली वेगळी जात म्हणून नोंदलेला. नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी कातडीचा पंखा असतो. फोटोचा मोह होणारच. तो पहिल्या दिवशीच उरकून घे.

एप्रिल-मे गाठ, सकाळी 8 ते 11. तेव्हा नर जांभ्या दगडांवर चढून पंखा उघडझाप करतात. कातळ तापला की सगळे झुडपांच्या सावलीला जातात. दुपारी पोचून ‘सरडे नाहीत’ अशी नोंद करणारे कमी नाहीत!

आधी दुर्बिणीतून सरडा हेर. मग थेट त्याच्याकडे, एकाच संथ चालीने चालत जा. तो हलला त्या क्षणी पायाशी एक खूण टाक, दुसरी तो बसला होता तिथे, आणि मधलं अंतर टेपने मोज. जिथून चालायला सुरुवात केलीस तिथपासून सरड्यापर्यंतचं अंतरही लिही, कारण लांबून चालत आलं की तो सहसा आधीच पळतो. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन जाऊ नये; सावली आपल्याआधी त्याच्यापर्यंत पोचते आणि आकडा फुगतो. कपडे रोज एकाच मळकट रंगाचे. नर की मादी, आडोसा किती लांब, दगड किती तापलाय, हे जागेवरच टिपायचं. त्याच सरड्यावर पुन्हा चाल करू नकोस, दुसऱ्यांदा तो आधीच सावध असतो.

सड्यावर पवनचक्क्या आहेत; त्यांच्या पट्ट्यातले आणि बाहेरचे आकडे एकत्र करशील तर सगळं मुसळ केरात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की चक्क्यांपाशी शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त आणि धीट. पण नरांचे रंग मात्र फिके. शिवाय रस्त्याकडेचे सरडे माणसांना सरावलेले असू शकतात, म्हणून रस्त्यापासूनचं अंतरही वहीत हवं.

सरडा पकडायचा नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. सुटे दगडही उलथू नकोस. त्यांच्याखाली पाली, विंचू असतात, आणि दगड जरासा तिरका परत ठेवला तरी खालची ओल उडून जाते.