गुडघ्यांचा हिशेब बरोबर होता

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात टोकियोला गेले, फेब्रुवारीत परतले. जाताना मुंबईहून रात्री ८ ला निघून सकाळी ७.३० ला टोकियोच्या नारिता विमानतळावर, म्हणजे साडेअकरा तास. येताना सकाळी ११.१५ ला निघून संध्याकाळी ५.४५ ला मुंबई, म्हणजे साडेसहाच. पण गुडघे आखडले ते येताना! जावई म्हणतात, दमल्यामुळे तसं वाटलं असेल. खरं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचे गुडघे खरं बोलताहेत. जाताना तुम्ही ८ तास बसलात, येताना १०.

तिकिटावर त्या त्या गावच्या घड्याळाची वेळ छापतात. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे; ते जाताना वजा करायचे, येताना मिळवायचे. पण वाट तीच असताना दोन तास जास्त का लागले, हे खरं विचारण्यासारखं आहे.

मुंबई ते नारिता सरळ हवाई अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर. मी बावीस वर्षं विमानांचे फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्ग आणि इंधनाचे आराखडे, केले, आणि जपानचं उड्डाण असलं की अंतराच्या आधी वाऱ्याचा नकाशा उघडायचो. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा धावतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी सुमारे ९००. जाताना वारा पाठीशी असला की समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’, म्हणजे जमिनीच्या हिशेबातला वेग, ११०० दिसतो. येताना तोच वारा तोंडावर आला की ७००. परतीच्या विमानात आम्ही त्या जादा दोन तासांचं इंधनही भरायचो.

हा वारा नीट मोजला गेला तोही जपानमध्येच. वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ नारिताच्या वायव्येला तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडत आणि ते दिसेनासे होईपर्यंत दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. १९२६ मध्ये त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले, जगभर वाचले जावेत म्हणून. परदेशात कुणी फारसं लक्षच दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी वैमानिकांना तो वारा प्रत्यक्ष भोगावा लागला. ओइशींची एवढी मेहनत वीस वर्षं पडून राहिली, याची मला आजही हळहळ वाटते.

उन्हाळ्यात हा पट्टा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो. म्हणून नातवंडाला भेटायला पुन्हा जाल तेव्हा परतीचं तिकीट जुलै-ऑगस्टचं काढलंत तर येतानाचा वेळ बराच कमी होईल. हिवाळ्यातच यावं लागलं, तर येताना पॅसेजलगतची सीट आवर्जून मागून घ्या आणि तासातासाला उठून चार पावलं टाका. मनगटावरचं घड्याळ मुंबईत उतरेपर्यंत टोकियोच्याच वेळेवर ठेवा, म्हणजे किती तास बसलात ते जावयांनाही दाखवता येईल.