परसातल्या कोंबड्या : आवाजावरून काय ओळखावं?

आमच्या तलंगा नुकत्याच अंड्यावर आल्यात. एकीने अंडं घातलं की सगळ्याच कलकलाट करतात. शेजारी वैतागलेत. हे बंद करता येईल का? (वाचक, चिपळूण)

अंडं घातल्यावरचं ‘कॉक्-कॉक्-कॉक्-कडॉऽक’ बंद करता येत नाही. अंड्याची पेटी शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब हलवा, एवढंच हाती आहे. खरं लक्ष द्यायचं ते अंड्याआधीच्या आवाजाकडे. तलंग लांबट, कण्हल्यासारखं ‘कोऽऽ’ करत कोपरे धुंडाळते, तेव्हा ती जागा शोधत असते. हे फार वेळ चाललं तर पेटी उजेडात आहे, अपुरी आहे किंवा आत खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, ठाण मांडून आहे. चार-पाच कोंबड्यांना एक फूट लांब-रुंद-उंच अशी एक पेटी पुरते. आत चार बोटं पेंढा घाला आणि तोंडावर अर्धं गोणपाट सोडा. सोय झाली नाही तर अंडं कुंपणात जातं.

ओरडा ऐकून गेलात आणि पेटीत गरम अंडं नसलं, तर मांजर किंवा साप आहे का ते बघा. घाबरलेली कोंबडी जवळजवळ असंच ओरडते.

घार पिल्लं उचलते. कोंबडा आधी सावध करतो म्हणतात, पण त्याचा नेमका कोणता आवाज? (वाचक, सावंतवाडी)

वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी त्याचे आवाज वेगळे असतात. घार किंवा शिकरा दिसला की एकच बारीक, लांब ‘ईऽऽर्र’. हा आवाज कुठून आला ते पटकन कळत नाही, म्हणूनच तो उपयोगाचा: घारीलाही कोंबड्याचा ठाव लागत नाही. क्षणात अंगण चिडीचूप होतं. कोंबड्या झुडपाखाली शिरतात किंवा आहेत तिथेच दबतात आणि मान तिरपी करून एक डोळा आभाळाकडे लावतात.

मुंगूस, कुत्रा, मांजर असेल तर तुटक, वाढत जाणारं ‘कट्-कट्-कट्-कटाऽक’ ऐकू येतं. माना उंच ताणलेल्या, सगळ्यांची नजर एकाच दिशेला. तुम्हीही तिकडेच, खाली बघा.

पहिला आवाज ऐकून तुम्ही अंगणात पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आडोसा आधीच हवा: झुडपं, उभी टेकवलेली झापं, चार खुंट्यांवर ताणलेलं गोणपाट. पिल्लांना दोन-तीन उड्यांत तिथे पोचता आलं पाहिजे. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं डालग्याखालीच ठेवलेली बरी. कोंबडा कधी कावळ्याला, विमानालाही ओरडतो. तेवढ्यावरून त्याला काढू नका. कोंबड्या जवळ असल्या तर तो हा इशारा जास्त वेळा देतो हे प्रयोगांत दिसलं आहे, म्हणून तो कळपातच राहू द्या.

विकत आणलेली पिल्लं रात्रभर ओरडतात. भूक असेल का? (वाचक, जुन्नर)

खाद्य-पाणी समोर असेल तर बहुधा थंडी. हलकी, सलग चिवचिव म्हणजे पिल्लू सुखात आहे. मोठ्याने, एकेक सुटं, शेवटी खाली उतरणारं ‘च्यॅव, च्यॅव’ ही तक्रार. बल्बखाली गोळा झाली असतील तर बल्ब खाली घ्या. कडेला पांगून चोच उघडून धापा टाकत असतील तर वर. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी.

रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येते. दिवसा सगळ्या नीट खातात. औषध द्यावं का? (वाचक, सांगोला)

आधी ऐका, मग औषध. घरघर दिवसाच्या गलक्यात लपते. अंधार पडून कोंबड्या स्थिरावल्या की खुराड्याशी गप्प उभे राहा. संशयित कोंबडी उचलून तिची पाठ कानाशी धरा. ओलसर बुडबुड जाणवली तर श्वासमार्गात चिकटा आहे. उन्हाळ्यात चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकते ती वेगळी. तिथे ओलसर आवाज नसतो, तिला सावली आणि गार पाणी हवं.

मग खाली बसून नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर ओल्या गादीतला, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशातला अमोनिया त्रास देतोय. भुसा बदला, वरच्या बाजूने वारा खेळता ठेवा. दोन-तीन दिवसांत आवाज कमी झाला तर कारण तेच होतं.

डोळ्यात फेस, नाकातून पाणी, तोंडावर सूज दिसली तर ती कोंबडी वेगळी करून पशुवैद्यकाला दाखवा. घरात उरलेलं प्रतिजैविक पाण्यात टाकू नका. डॉक्टरांनी दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. घरघरीसोबत हिरवी विष्ठा, पिळवटलेली मान, पाठोपाठ मर ही राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लक्षणं. तिच्यावर इलाज नाही, लसच आहे: पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आरटूबी ही दुसरी लस. आजारी पडलेल्या कोंबडीला लस टोचून काही साधत नाही.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या नाल्यात फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा आणि ते सांगतील तशी विल्हेवाट लावा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता, त्यामुळे अशी मर घरच्या घरी निस्तरायची गोष्ट नव्हे.